आधी रक्कम ठरव, मग देश

पत्र थोडक्यात असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावची २२ वर्षांची मुलगी छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहून इतिहासात एम. ए. करते आहे. 'कमवा व शिका' योजनेतलं काम आणि सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या यांतून तिनं दोन वर्षांत ४६ हजार रुपये साठवलेत. वर्गातल्या चौघी मैत्रिणी डिसेंबरअखेर बँकॉक-पटायाला निघाल्यात आणि पाचवी म्हणून हिला धरून चालल्यात. एजंटनं पाच रात्री-सहा दिवसांचे माणशी ६२ हजार सांगितलेत. कमी पडणाऱ्या १६ हजारांसाठी दीड हजाराचे बारा हप्ते पाडून देतो, असंही तो म्हणाला. इकडे घरी पावसात सोयाबीन गेलं, अण्णा, म्हणजे तिचे वडील, पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून पुन्हा नवं कर्ज) करायला बँकेत खेटे घालताहेत. पासपोर्ट अजून काढलेला नाही. 'नेपाळला जाऊ का' असं तिनं विचारलं तर मैत्रिणी म्हणाल्या, 'नेपाळ काय परदेश आहे का?' तिचा प्रश्न: जाऊ की नको?

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात एका ठिकाणी तू लिहिलंस, 'हे पैसे फिरण्यावर घातले तर अण्णांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू?' आणि खाली चार ओळींवर, 'आत्ता गेले नाही तर परत कधीच जमणार नाही.' या दोन वाक्यांच्या कात्रीत तू सापडली आहेस. दोन्ही तू खरी धरून चालली आहेस. मला मात्र दोन्हींबद्दल शंका आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे पाहू.

अण्णांचं काय म्हणणं आहे, ते पत्रात कुठेच नाही. तू त्यांना विचारलेलंच नाहीस. त्यांचा नकार तू मनातल्या मनात ऐकलास आणि त्यावर अपराधीपणाही वाटून घेतलास. शेतात पाणी साचून सोयाबीन काळं पडलेलं असताना पोरीला परदेशाचा विचार करताना कसंनुसं होणं स्वाभाविक आहे, ते झटकून टाक असं मी म्हणणार नाही. पण हिशेब कर. पीककर्जाचं नवं-जुनं तुझ्या ४६ हजारांवर अडलेलं आहे का? घरातून कुणी पैसे मागितलेत का? तुझ्या पत्रावरून तरी दोन्हींचं उत्तर नाही असंच दिसतं. दोन वर्षं संध्याकाळच्या शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे आहेत. त्यातला काही भाग तू स्वतःच्या इच्छेसाठी खर्च केलास तर ती उधळपट्टी होत नाही. सगळेच्या सगळे एका आठवड्यात संपवून वर कर्ज करणं, ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

'आत्ता नाही तर कधीच नाही' हे वाक्य तुझं कमी आणि एजंटचं जास्त वाटतं. सीट भरत आल्यात, रेट उद्या वाढणार, हे ज्याला पॅकेज विकायचं आहे तो म्हणणारच. तू २२ वर्षांची आहेस. पासपोर्ट काढलास की तो दहा वर्षं चालतो. बँकॉक कुठे जात नाही.

आता हप्त्यांचं बघ. बारा गुणिले दीड हजार म्हणजे १८ हजार. १६ हजारांवर दोन हजार जास्तीचे, शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी असेल तर ती. आकडा मोठा नाही, म्हणूनच तो फसवा आहे. शिकवण्यांचे महिन्याला तीनेक हजार येतात असं तू लिहिलंस, म्हणजे वर्षभर निम्मी कमाई आधीच दुसऱ्याची झाली. उचल (आगाऊ मजुरी) घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे निघालेलं बिऱ्हाड आपल्या भागात दर दिवाळीनंतर दिसतं. आधी हातात आलेल्या पैशासाठी नंतर किती महिने राबावं लागतं, ते तुला वेगळं सांगायला नको. नेट-सेटचा अभ्यास करायच्या वर्षात ते ओझं घेऊ नकोस. सहलीसाठी कर्ज काढू नये, एवढ्या एका बाबतीत माझं मत ठाम आहे. तुझ्यासारखंच कुणी हे वाचत असेल तर त्यालाही मी हेच सांगेन.

बहुतेक जण देश आधी ठरवतात आणि मग पैसे कुठून आणायचे ते बघतात. तू उलटं कर. ४६ हजारांतले १२ हजार बाजूला ठेव: मेस, परीक्षा शुल्क, पुढच्या सत्राचा प्रवेश. यांना कोणत्याही कारणानं हात लावायचा नाही. आणखी १० हजार घरच्या अडीनडीसाठी असू दे. ते अण्णांच्या हातात द्यायचे की तुझ्या खात्यात ठेवायचे ते तू ठरव, पण आहेत एवढं माहीत असलं तरी मन शांत राहतं. उरले २४ हजार. हा तुझ्या प्रवासाचा पैसा. यात जे बसतं तेवढंच आपलं.

२४ हजारांत थायलंड बसत नाही. एजंट बाजूला ठेवून स्वतः सगळं केलं, वसतिगृहासारख्या सामायिक खोलीत राहिलीस, रस्त्यावरच्या गाड्यांवर जेवलीस तरी डिसेंबरअखेरच्या गर्दीत विमानाच्या तिकिटासकट खर्च ४० हजारांच्या पुढे जाईल, असा माझा अंदाज आहे. तो तिथला सर्वांत महाग हंगाम. व्हिएतनामचं तसंच. ई-व्हिसा २५ डॉलरचा, आत गेल्यावर खाणं-राहणं स्वस्त, पण विमानाचं तिकीट सगळं बजेट खातं. भूतानला भारतीयांना पासपोर्ट सक्तीचा नाही, पण दर रात्रीला माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सात रात्रींचे ८,४०० तिथेच गेले.

राहिला नेपाळ. मैत्रिणींच्या त्या एका वाक्यानं तू तो पर्याय खोडून टाकलास, याचं मला वाईट वाटलं.

परदेश म्हणजे तुला काय हवं आहे? विमानात बसणं, समुद्रकिनारा, फोटो हे हवं असेल तर तेही चुकीचं नाही, फक्त तसं स्वतःशी कबूल कर. पण तू इतिहासाची विद्यार्थिनी आहेस. ज्या ब्राह्मी अक्षरांचे तक्ते तू पाठ करतेस, ती लुंबिनीला अशोकाच्या स्तंभावर आजही वाचता येतात. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी राजा स्वतः इथे आला, 'हिद बुधे जाते', इथे बुद्ध जन्मले, म्हणून त्यानं लुंबिनी गावाचा कर कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला. राजानं गावाचा शेतसारा कमी केला, ही बातमी दगडावर कोरलेली पाहायला शेतकऱ्याच्या मुलीनं जायला काय हरकत आहे? तुझ्या विद्यापीठापासून जवळच नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. तेच बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे शेवटच्या आजारपणात, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर बोलले. काठमांडूत २०१५ च्या भूकंपात कोसळलेला काष्ठमंडप, म्हणजे तिथला जुना लाकडी मंडप, पुन्हा उभारलाय. पाटण आणि भक्तपूरचे चौक आहेत, बौद्धनाथाचा स्तूप आहे. अजिंठा-वेरूळ पायाखाली घातलेल्या मुलीला तिथे जे दिसेल ते पटायाच्या पॅकेजात सापडणार नाही. दुसरा देश, दुसरं चलन, दुसरी भाषा. परदेश व्हायला आणखी काय लागतं?

खर्च कसा बसतो ते सांगते. मनमाडहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत येतं, पण आरक्षण खूप आधी करावं लागतं, कारण त्या मार्गावर बारा महिने गर्दी असते. गोरखपूरहून बसनं सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा. ती पायी ओलांडायची. पलीकडे भैरहवा, तिथून लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर. लुंबिनीत दोन दिवस, मग पोखरा किंवा थेट काठमांडू, दोन्हीकडे बसनं दिवस मोडतो. सामायिक खोलीतली खाट आणि दोन वेळचा डाळ-भात धरून दहा दिवसांचा अंदाज मी येण्याजाण्यासकट १८ ते २० हजारांचा धरते. सोबतीला एखादी मैत्रीण असेल तर खोलीचे पैसे वाटले जातात आणि आईचा जीवही भांड्यात पडतो.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, मूळ प्रत हवी. आधारवर भिस्त ठेवू नकोस. मतदार यादीत नाव असूनही ओळखपत्र हातात नाही, अशी तुझ्या वयाची कितीतरी मुलं आहेत. त्यांनी हे काम आधी उरकावं. आपल्या शंभर रुपयांना नेपाळचे १६० मिळतात, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे. दुकानदार 'पाचशे' म्हणाला की लगेच विचार, 'आयसी की एनसी?', म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. हा एक प्रश्न विसरलीस तर प्रत्येक ठिकाणी दीडपटीहून जास्त पैसे जातील. सीमेवर दलाल काठमांडूपर्यंतचं तिकीट आधीच काढून देतो म्हणतील, तर पुढे बसस्टँडवर जाऊनच काढ. शहरांत बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण गावाकडे रोख लागतेच. स्मारकांच्या खिडकीवर सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या नागरिकांसाठी वेगळा, कमी दर असतो, ओळखपत्र दाखवून तोच माग.

वेळेबद्दल एक. डिसेंबरअखेर ते जानेवारी उत्तर प्रदेशात धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. पावसाळ्यात नेपाळच्या डोंगररस्त्यांवर दरडी कोसळतात. त्यामुळे दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा मग फेब्रुवारी-मार्च. परीक्षेच्या तारखा हलतात हे तुला माहीत आहेच, तेव्हा शेवटचा पेपर आणि गाडी यांत आठवडाभराचं अंतर राहू दे. परतीलाही दोन दिवस मोकळे ठेव. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं तेव्हा विमानतळसुद्धा बंद झाला होता. निघायच्या आधी आठवडाभर तिथल्या बातम्या वाच.

नेपाळला लागत नसला तरी पासपोर्ट मात्र याच महिन्यात काढायला घे. साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. तत्काळचे २,००० वर देण्याची तुला गरज नाही. तुझ्या २४ हजारांतून हे १,५०० वजा कर. उद्या परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात आली, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असो की आणखी कुठली, तर पासपोर्ट नाही म्हणून अडायला नको.

आणि इथे जरा थांबते, कारण आपल्याकडची मुलं नेमकी इथे अडकतात. तुझी दहावीची गुणपत्रिका काढ. बोर्डानं त्यावर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं नाव असं छापलेलं असेल. आधारवर तुझं नाव आधी आणि आडनाव शेवटी. पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. कुठे 'राव' आहे, कुठे नाही. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने असतात, एक नावाचा आणि एक आडनावाचा. तिथे घाईत आडनाव पहिल्या रकान्यात गेलं की पुढची दहा वर्षं प्रत्येक विमानतिकिटावर तोच घोळ, कारण तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावं लागतं. तेव्हा सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांड, स्पेलिंग ताडून बघ, चूक असेल तर आधार आधी दुरुस्त कर आणि मगच अर्ज भर. दहावीचं प्रमाणपत्र जोड, म्हणजे ईसीआरचा (काही देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते, असा) शेरा लागत नाही. पत्ता वसतिगृहाचा द्यायचा की गावचा, हेही आधी ठरव. पोलीस पडताळणीला शिपाई ज्या पत्त्यावर येईल तिथे तू सापडली पाहिजेस. वसतिगृहाचा दिलास तर महाविद्यालयाचं बोनाफाईड लागेल. अर्ज फक्त सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भर. हुबेहूब तशीच दिसणारी आणि जास्तीचे पैसे उकळणारी संकेतस्थळं खूप आहेत.

ज्यांच्या हातात खरोखरच तेवढे पैसे आहेत आणि ज्यांना थायलंडलाच जायचं आहे, त्यांच्यासाठीही चार गोष्टी सांगते. तुझ्या मैत्रिणींना हा भाग वाचून दाखव. एजंटकडून पॅकेजमध्ये काय नाही, ते लेखी मागावं. बहुधा दुपार-रात्रीचं जेवण, विमानात टाकायच्या बॅगेचे पैसे, 'ऐच्छिक' म्हणून लिहिलेली बेटांची सहल आणि कर हे बाहेर असतात. ६२ हजारांचे ७२ होतात ते इथेच. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ कापला जाणारा आयकरही घेतला जातो. तो आयकर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण त्यासाठी पावतीवर तुमचं पॅन हवं. तिकिटं शोधताना मराठवाड्यातल्या मुलांनी फक्त मुंबई बघू नये. अजिंठा एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी हैदराबाद, आणि तिथून शमशाबादच्या विमानतळावर जायला पुष्पक बस. परभणी-नांदेडकडच्यांना तर हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. स्वस्त विमान कंपन्यांत हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते, घरच्या चिवडा-लाडवांचं वजनही त्यातच धरा. थायलंडनं २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत दिली होती, पण अशा सवलती बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट आणि पुरेसे पैसे दाखवता यायला हवेत. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार आपल्याकडे आपोआप सुरू नसतात, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट कापले जातात, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढा. यंत्रानं 'रुपयांत की बाटमध्ये' असं विचारलं तर बाट निवडा. रुपये निवडले की दर तिथली एटीएमवाली बँक लावते आणि तो महाग पडतो. प्रवास विमा मात्र पैसे वाचवायच्या यादीत घालू नका. परदेशातला एक दवाखाना अख्ख्या घराचं वर्ष बिघडवू शकतो.

आता घरी कसं सांगायचं. फोनवर सांगू नकोस. पुढच्या खेपेला गावी जाशील तेव्हा आई-अण्णा दोघं बसलेले असताना सांग, आणि विचार म्हणून सांगू नकोस, हिशेब म्हणून सांग. इतके साठले, इतके शिक्षणाला ठेवले, इतके घरासाठी बाजूला आहेत, इतक्यात मी लुंबिनी आणि काठमांडू बघून येते, सोबत अमुक मैत्रीण आहे, अमुक तारखेला परत. वहीच्या पानावर लिहून ने. आयुष्यभर पेरणीचा हिशेब घालणाऱ्या माणसाला लिहिलेला हिशेब पटतो. अण्णा गप्प बसले तर ती नाराजीच आहे असं धरू नकोस, त्यांना दोन दिवस दे. आणि ते म्हणाले की या वर्षी खरंच पैसे लागतील, तर सहल एक वर्ष पुढे ढकल. पासपोर्ट तयार राहील, पैसे वाढतील, नेपाळ तिथेच असेल. तू घाबरतेस तसं ते 'कधीच नाही' होणार नाही.

आईला काळजी एकटीची आहे, देशाची नाही. तिला राहायच्या ठिकाणांची नावं, फोन नंबर आणि रोज कोणत्या वेळी फोन करशील ते लिहून दे. वेळ संध्याकाळची ठरव, कारण डोंगरातल्या बसमध्ये दिवसा रेंज मिळेलच असं नाही.

मैत्रिणींना तुझा निर्णय याच आठवड्यात कळव. तू येणार म्हणून त्यांनी पाचजणींच्या हिशेबानं खोल्या धरल्या असतील. एकदा आगाऊ रक्कम भरली की एक जण गळाल्याचा भुर्दंड उरलेल्या चौघींवर पडेल आणि मग पैशांवरून मनं दुखावतील. आज सांगितलंस तर एजंट चौघींसाठी दोन खोल्यांचा नवा दर काढून देईल.